तीन रेघा, सात तुकडे

रविवार, २८ जुलै

ही वही खरं तर कोड्यांसाठी आणली होती. पहिल्या पानावर १, १, २, ३, ५ लिहिलं आणि पुढे काही सुचेना. कोरी राहण्यापेक्षा हिच्यात मनातलं तरी लिहावं म्हटलं. कोणाशी तरी बोलायला हवं ना. ताईशी बोलायला गेलं की ती शिवणयंत्र चालू करते.

सकाळी पुरवणीवाल्याचा फोन आला. हा मुलांच्या रविवारच्या पुरवणीचा नवा संपादक. माझ्या शेवटच्या बॅचपेक्षाही लहान असेल. मी तिथे एकोणीस वर्षं 'पुढचा आकडा कोणता?' हे सदर चालवतेय. चार-पाच आकडे द्यायचे, मुलांनी त्यांची चाल ओळखायची, पुढचे आकडे लिहून पाठवायचे. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी मी उत्तरं छापते आणि प्रत्येक मुलाला एका ओळीचा शेरा देते.

तर पुरवणीवाला म्हणतो, "मॅडम, महिन्याला सहा-सात पत्रं येतात. त्यातली चार एकाच मुलीची. सप्टेंबरअखेर बघू." बघू! छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, मुख्याध्यापकांचे 'बघू' पोत्याने ऐकलेत. बघू म्हणजे बंद.

ती एकच मुलगी म्हणजे माझी चौथीवाली. तीन वर्षांपूर्वी तिचं पहिलं पत्र आलं. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरात, आखीव कागदावर. 'प्रिय बाई' अशी सुरुवात आणि शेवटी सहीच्या जागी फक्त 'इयत्ता चौथी'. नाव नाही, पत्ता नाही. सुरुवातीला अर्धी उत्तरं चुकायची. आता क्वचित. पुढच्या वर्षी मला वाटलं, पाचवीत गेली असेल. तर परत 'इयत्ता चौथी'. यंदाही तेच. नापास करतात की काय बिचारीला? असं डोकं असलेल्या मुलीला जी शाळा तीनदा चौथीत बसवते, त्या शाळेला कुलूप लावायला हवं.

गेल्या महिन्यात १, ४, ९, १६ दिले होते. सगळी मुलं २५ लिहितात, कारण पाठ असतं. हिने लिहिलं, 'चौकोनाला दोन बाजूंनी तुकडे लावत गेलं की कोपऱ्याचा एक जास्त लागतो. एकाला तीन लागतात, मग पाच, मग सात, मग नऊ. सोळा आणि नऊ पंचवीस. मी लावून बघितले.' लावून बघितले! छत्तीस वर्षांत मी फळ्यापुढे उभं राहून हे असं सांगितलं नव्हतं. मी सांगायचे, वर्ग पाठ करा.

ताईला वाचून दाखवलं. "चांगलं लिहितंय पोर," एवढंच म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली. यंत्रापाशी फार उकडतं. खिडकी उघड म्हणून हजारदा सांगितलं, ऐकेल तर शपथ.

आजच्या पुरवणीत सोपं दिलंय. १, २, ४, पुढचे तीन आकडे कोणते? लहानगेही करतील. पत्रं वाढायला हवीत.

मंगळवार, ६ ऑगस्ट

मंगळवारी पुरवणीच्या कचेरीतले शिपाईमामा पत्रं आणून देतात. आज दोनच. एका मुलाने ८, १६, ३२ लिहिलंय आणि शेजारी मांजर काढलंय. दुसरं चौथीवालीचं. तिने लिहिलंय ७, ११, १६.

कपाळ माझं! दुप्पट होताना दिसत नाही? एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. पहिलीतलं पोर सांगेल. इतकं वाईट वाटलं मला तो ७ बघून की लाल पेन्सिल दाबताना टोक मोडलं. हिच्यावर मी माझं अख्खं सदर पेलून धरलंय आणि ही अशी घाई करते. लगेच शेरा लिहून पाठवून दिला. लाड केले की मुलं ढिली पडतात. वर्गातही मी हुशार मुलांनाच जास्त बोलायचे.

एक आहे, आकडे फार सुंदर काढते. नऊ तर जुन्या वळणाचा, आमच्या लहानपणी गिरवून घ्यायचे तसा. घरात कोणी आजी शिकवत असणार.

रविवार, ११ ऑगस्ट

छापून आलं. 'इयत्ता चौथी : चूक. १, २, ४ नंतर ८. दुप्पट होतेय हे दिसायला हवं होतं. घाईघाईने काहीतरी लिहून पाठवू नये.'

रविवारी पुरवणी आधी ताईच्या हातात पडते, ती उन्हात बसून चाळते, मग मला मिळते. तिला त्यातलं काय कळतं देव जाणे. माझं नाव बघून ठेवून देते असं मला वाटतं. आज मात्र चहा ओतता ओतता म्हणाली, "बाई, चूक म्हणजे अगदी चूकच का गं?" लाडात आली की ती मला बाई म्हणते, एरवी धाकटे.

"गणितात बरोबर, नाहीतर चूक. मधलं काही नसतं," म्हटलं.

"आणि त्या पोरीचं काही वेगळं म्हणणं असेल तर?"

"तर लिहायचं होतं. उत्तर लिहिलं, रीत कुठाय?"

ती कप घेऊन आत गेली. दिवसभर यंत्र बंद होतं. मी निवांत तीन आठवड्यांची कोडी करून टाकली.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

ताईचं काहीतरी बिनसलंय. समोरच्या नर्सबाईंच्या झग्याची काजं वाकडी केली. काजं आणि वाकडी, तीही ताईची! आयुष्यात पहिल्यांदा. मला म्हणे, "सुई ओवून दे गं." दिली. पाच मिनिटांनी परत, "ओवून दे." मी म्हटलं, "मी इथे कामाला बसलेय, दिसतंय ना?"

"हाताला मुंग्या येतात," म्हणाली.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाय मारत बसतेस, येणारच. विश्रांती घे."

घेते म्हणाली. आणि खरंच घेतेय, दोन दिवस खाटेवर पडून असते. घर इतकं शांत की कोडी सुचेनाशी झालीत. त्या खडखडाटाची सवय झालेली दिसते.

मंगळवार, २० ऑगस्ट

चौथीवालीचं पत्र नाही. शिपाईमामांना पिशवी उलटी करून दाखवायला लावली. "बाई, पिशवीत काय मी लपवून ठेवतोय?" म्हणाले. तीन वर्षांत असा मंगळवार आला नव्हता. आजारी असेल पोर.

मंगळवार, २७ ऑगस्ट

आजही नाही.

पुरवणीवाल्याला आयतंच झालं. "या आठवड्यात शून्य पत्रं, मॅडम." शून्य कसं लिहितात ते मला शिकवतोय.

दुपारी तिची सगळी पत्रं काढून बसले. पत्र्याच्या डब्यात ठेवलीत, शंभराच्या वर आहेत. कुठे पत्ता, शाळेचा शिक्का, काही सापडतंय का बघत होते. पाकिटांवर शिक्का आपल्याच टपाल कचेरीचा. म्हणजे पोर जवळपास राहते. ते ७, ११, १६ वालं पत्र उचललं आणि ते हातात उलटं झालं.

मागे लिहिलेलं होतं.

मी कधी मागे बघत नाही. छत्तीस वर्षं वर्गात पहिल्या दिवशी सांगत आले, पानाच्या मागे लिहू नये, लिहिलेलं तपासलं जाणार नाही. पोरंही शहाणी होती, लिहायची नाहीत. माझा हातच वळत नाही पान उलटायला.

मागे पेन्सिलीने मोठं वर्तुळ काढलंय आणि त्यात तीन सरळ रेघा. प्रत्येक भागात आकडा घातलाय, एक ते सात. खाली लिहिलंय, 'बाई, गोल कापडावर खडूने एक सरळ रेघ मारून कापलं तर दोन तुकडे. दोन रेघा मारल्या तर चार. तिसरीला आठ होतील असं वाटतं, पण होत नाहीत, कशाही मारा, जास्तीत जास्त सातच होतात. कारण नवी रेघ जुन्या दोन्ही रेघांना एकेकदाच कापते, म्हणून तीनच तुकडे वाढतात. मग चार वाढतात, मग पाच. मी कापून मोजले. दुप्पट पण चालेल, पण मला हे जास्त आवडलं.'

दुप्पट पण चालेल! तिला दुप्पट दिसलं होतं. तिला माझं दिसत होतं आणि त्याच्या पलीकडचंही, आणि मी तिला घाईघाईने काहीतरी लिहू नये म्हणून छापलं. अख्ख्या गावासमोर. लाज वाटते मला. गॅलरीत जाऊन रडले, ताईने बघू नये म्हणून.

पुरवणीवाल्याला फोन केला. खुलासा छापा म्हटलं, माझी चूक झाली म्हणून. "एका मुलीसाठी खुलासा? जागा नाही हो मॅडम. पुढे बघू." पुन्हा बघू.

मीच शोधून काढते तिला. तोंडावर सांगते, बाळा, तुझं बरोबर होतं.

गुरुवार, २९ ऑगस्ट

कापड, खडू, कात्री. शिंप्याचीच मुलगी असणार. टपाल कचेरीच्या आसपासचे शिंपी धुंडाळायला सकाळी निघाले. ताई म्हणाली, "अगं, राहू दे. मुलं विसरतात. लावून घेत नाहीत मनाला."

"तुला काय माहीत मुलांचं?" म्हटलं. तोंडातून गेलं खरं. मला वाढवलं तिनेच.

पहिला शिंपी म्हणाला, "चौथीतली? माझी मुलगी बँकेत लागली, बाई." दुसऱ्याला तीन मुलगे. तिसरा कोपऱ्यावरचा, म्हातारा, नाकावर चष्मा. त्याने सगळं ऐकून घेतलं, मी काढलेलं वर्तुळ बघितलं, आणि म्हणाला, "असलं डोकं आमच्यात एकाचंच. तुमच्या ताईंचं. कापड कमी पडलं की मी त्यांच्याकडेच जातो, त्या रेघा मारून देतात, एक चिंधी वाया जात नाही."

म्हटलं, "अहो, मला शिवणकाम नकोय, गणित हवंय."

तो हसला. मला राग आला. पाय सुजले आणि हाती काही नाही.

सोमवार, २ सप्टेंबर

टपाल कचेरीजवळच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या निघाल्या, चौथीच्या दोन्ही वर्गांत मला सोडलं. फळ्यावर वर्तुळ काढलं. "तीन सरळ रेघांनी जास्तीत जास्त किती तुकडे?" सगळा वर्ग एका सुरात, आठ! एकीनेही सात म्हटलं नाही. एकीनेही रेघा मारून बघितलं नाही. "पत्र कोण लिहितं?" म्हटलं तर एक मुलगी म्हणाली, "पत्र म्हणजे काय?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्याकडे चौथीत कोणाला तीनदा बसवत नाहीत हो. नापास करायचंच बंद आहे."

मग ती कोण? कुठली चौथी ही?

घरी आले तर ताई खुर्चीत बसून होती. डावा हात उजव्या हातावर ठेवला होता, झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा. मी शाळेचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला चौथीतून काढलं ना, तेव्हा बाईंनी पाटी परत मागितली होती. शाळेची होती म्हणून. मी देताना त्यावरचं गणित पुसलं नाही. म्हटलं, बघतील तरी, बरोबर आहे की..."

"ताई, हे मी शंभरदा ऐकलंय." ऐकलंय खरंच. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची, ती दहाची. मला सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून तिचं नाव काढलं. त्याचे उपकार मी नाकारत नाही. पण आज माझं डोकं ठणकत होतं.

मग म्हणाली, "ती पोरगी जवळच असेल कुठेतरी, धाकटे."

"जवळ असती तर मिळाली नसती का? तुला काय कळतंय त्यातलं."

हसली. हसू एका बाजूलाच गेलं. चिडवायचं असलं की ती असंच तोंड वाकडं करते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

शिपाईमामा आले नाहीत. पत्रच नाही तर येतील कशाला.

ताई म्हणते, "आज घरी थांब ना. मला जरा बरं वाटत नाहीये." तिचे शब्द जड येतायत, दात दुखत असणार. दुसऱ्या शाळेची वेळ ठरलीय, उद्याची. परत आले की डॉक्टरकडे नेते. तिला तसं सांगितलं. "बरं," म्हणाली.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

बुधवारी दुपारी दुसऱ्या शाळेतून आले तेव्हा ती यंत्राशेजारी जमिनीवर पडलेली होती. डोळे उघडे. समोरच्या नर्सबाईंनी आणि मी मिळून उचललं.

डॉक्टर तरुण आहे, मान वर न करता विचारतो. हाताला मुंग्या केव्हापासून? तीन आठवडे. तोंड वाकडं केव्हा दिसलं? सोमवारी. बोलणं जड केव्हा झालं? मंगळवारी. प्रत्येक उत्तर मला येत होतं. एकही चुकलं नाही. मग त्याने मान वर केली आणि म्हणाला, "सगळं दिसत होतं तुम्हाला, मग आणलं का नाही?"

काय सांगू? मी एका मुलीला शोधत होते म्हणून?

सोमवार, ९ सप्टेंबर

दवाखान्यात तिचे कपडे हवे होते, म्हणून घरी आले. तिची चोळी शोधताना यंत्राचा खालचा खण ओढला. तो नेहमी अडकतो, तिलाच जमतो. हिसका दिला तर अख्खा बाहेर आला.

पाकिटं. तिकिटं. पेन्सिलीचे तुकडे. आखीव कागदांची गड्डी. माझं सदर, एकोणीस वर्षांचं, दर रविवारचं कात्रीने कापून वर्षावार दोऱ्याने बांधलेलं. सोळा वर्षं तिने नुसतं वाचलं, मग लिहायला लागली. माझे शेरे जिथे जिथे 'इयत्ता चौथी' म्हणून आलेत, तिथे पेन्सिलीने बारीक खूण. 'छान', 'उत्तम', 'बरोबर' यांना खूण. शेवटच्या 'चूक'लाही.

काड्यापेट्या होत्या पाच. वर आकडे लिहिलेले, २, ४, ७, ११, १६. नऊ नव्हता त्यात, पण मला आता तिचं वळण कळलं. आत कापडाचे तुकडे. मोजले. प्रत्येक पेटीत बरोबर तेवढेच.

आणि सगळ्यांत वर एक कागद. अक्षर कुठच्या कुठे गेलेलं, ओळ सोडून खाली घसरलेलं. डाव्या हाताने लिहिलं असणार.

'प्रिय बाई, पानाच्या मागे बघा.'

खाली 'इयत्ता चौ', आणि पुढे पेन्सिल कागदावरून निघून गेलीय.

मी त्या खणाशेजारी जमिनीवर बसले. चोळी न घेताच दवाखान्यात परत गेले.

बुधवार, ११ सप्टेंबर

तिला सांगितलं. कानाशी वाकून, मोठ्याने, हळू, सगळ्या तऱ्हेने सांगितलं. "ताई, सात बरोबर आहे. तुझं बरोबर होतं. मी मागे बघितलं नव्हतं गं." ती छताकडे बघत होती. तिचा हात हातात घेतला, तर तो माझ्याच हाताच्या वजनाने खाली गेला.

डॉक्टर म्हणाला, बोलण्याचा आणि समजण्याचा भाग गेलाय. काही सुधारेल का? म्हणाला, "खोटी आशा लावत नाही." हा निदान बघू म्हणत नाही.

दोन वर्षांच्या पोरीसाठी तिने पाटी परत दिली. त्या पोरीने शिकून शहाणी होऊन तिला छापून सांगितलं, दिसायला हवं होतं. मला. मला दिसायला हवं होतं. तीन वर्षं चौथीतच राहणारी मुलगी, शिंप्याचं डोकं, आपल्या टपाल कचेरीचा शिक्का, जुना नऊ. वर्गातल्या कुठल्याही पोराला एवढे आकडे दिले असते तर त्याने पुढचा सांगितला असता.

का नाही सांगितलंस ताई? कधी विचारते आणि मग माझंच मला आठवतं. तुला काय कळतंय त्यातलं. हे मी किती वेळा म्हटलंय, ते मात्र मोजलेलं नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

ताईला घरी आणलं. समोरच्या नर्सबाई सकाळ-संध्याकाळ येऊन कूस बदलून जातात. मी दूध भरवते, अर्धं ओघळतं. त्या म्हणतात, बोलत राहा तिच्याशी. पाढे म्हणते. दुसरं काय येतं मला?

सप्टेंबरअखेरचीही वाट न बघता पुरवणीत माझ्या जागी आज रंगवायचं चित्र आलंय, फुगा धरलेलं अस्वल. पुरवणीवाल्याला फोन केला. सदर गेलं ते गेलं, एक ओळ तेवढी छाप म्हटलं. 'इयत्ता चौथी : बरोबर.' त्याचा आवाज जरा मऊ झाला होता, त्याला ताईचं कळलंय. म्हणाला, "मॅडम, सदरच नाही तर ही ओळ कोण वाचणार?"

खरं आहे. वाचणारी एकच होती.

तेव्हा ते 'चूक' तसंच राहणार. दोऱ्यात बांधलेलं.

रविवार, २९ सप्टेंबर

आज पुरवणी उघडलीच नाही. ताईच्या यंत्रापाशी बसले. तिच्या पिशवीतून पांढरं कापड घेतलं, ताट ठेवून गोल कापलं, खडूने रेघा मारल्या. पाच रेघांना सोळा तुकडे. सूत्र मला येतं, झोपेत विचारा. प्रत्येक रेघेने आधीच्या सगळ्या रेघा कापायला हव्यात आणि कुठल्याही तीन रेघांनी एका बिंदूत भेटायचं नाही.

तीन रेघांना सात झाले. चारांना अकरा. पाचवी मारली, कापलं, मोजले. चौदा. पाचवी रेघ आधीच्या दोन रेघांना गोलाच्या बाहेर भेटत होती. दुसरं कापड घेतलं. पंधरा. रेघ जिथे जायला हवी तिथे जात नाही. तिने हे कसं केलं असेल, सूत्र माहीत नसताना?

ते पंधरा तुकडे नेऊन तिच्या पांघरुणावर मांडले, वर्तुळ दिसेल असे. "बघ ताई, एक कमी पडतोय. कुठे चुकतेय मी?"

तिचा डावा हात हलला. गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा. हळूहळू तुकड्यांपर्यंत आला. तिने एक उचलला, मधला, सगळ्यांत लहान. डोळ्यांजवळ नेला. आणि तोंडात घातला.

चावायला लागली. मी बोट घालून काढला तो. ती परत छताकडे बघायला लागली.

तुकडा धुऊन खिडकीत वाळत घातला. बाकीचे गोळा केले आणि वाळत घातलेला धरून पुन्हा मोजले.

पंधराच.